खेळ दीड तासाचा, मांडामांड पाऊण तासाची?

उडता गालिचा:
आमचा चौघांचा कंपू दर शनिवारी 'विंग्ज ऑफ ग्लोरी' खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिल्या महायुद्धातल्या विमानांची छोटी मॉडेल, प्रत्येक विमानाचा स्वतःचा पत्त्यांचा कॅट. तीन चाली आधीच पालथ्या मांडायच्या, मग सगळ्यांनी एकदम एकेक पान उलटत विमान सरकवायचं. फासे नाहीत. गोळीबाराला पट्टी लावायची. शत्रू अर्ध्या पट्टीच्या आत असला तर त्याला नुकसानीची दोन पानं, पट्टीच्या टोकापर्यंत असला तर एक.

खेळ झकास, पण मांडायचा जाम कंटाळा. सहाला जमतो. चहा होतो, मग खुंट्या (उंची दाखवायला विमानाखाली लावतात त्या) शोधा, कॅट वेगळे करा, आज कुठला प्रसंग खेळायचा यावर भांडा. पहिलं पान उलटेपर्यंत पावणेसात. साडेआठला आईला जेवणाचं टेबल मोकळं हवं असतं, आणि तिथे तह वगैरे चालत नाही.

म्हणून घरचे नियम काढलेत. उंची बाद, खुंट्या डब्यातच. विमानं टेबलाच्या कडेपासून न आणता दोन पट्ट्यांच्या अंतरावर समोरासमोर ठेवायची. नुकसानीचा एकच कॅट, सगळ्यांना तोच. प्रसंग चिठ्ठी टाकून. परवा पंधरा मिनिटांत सुरुवात झाली. कोणाला काही खटकतंय का?

खुंटीवाला:
सगळंच खटकतंय. उंची काढल्यावर ते विमान कसलं, रिक्षा झाली! फोकर ट्रायप्लेन वेगात मार खायचं, पण चढायला एक नंबर. स्पॅड तेराचं उलट, सूर मारून निसटण्यात त्याची खरी ताकद. तुमच्या टेबलावर एकाला चढता येत नाही, दुसऱ्याला पळता येत नाही. मग रंगापलीकडे फरक काय राहिला?

उडता गालिचा:
फरक वळणांत आहे की. प्रत्येकाचा कॅट वेगळा आहे. आणि उंची हा नियम पुस्तकातच ऐच्छिक म्हणून दिलाय, मी काही पदरचं घातलेलं नाही.

सरळ पट्टी:
मला उंचीचं एवढं नाही, समोरासमोर मांडण्याचं आहे. ओस्वाल्ड बोल्केने 1916 मध्ये जर्मन वैमानिकांना जे नियम घालून दिले, त्यातला पहिलाच असा की हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा, जमल्यास सूर्य पाठीशी ठेवा. म्हणजे झुंजीचा निम्मा निकाल गोळी सुटायच्या आत लागायचा. कडेपासून येताना कोण आधी वळतो, कोण आपल्या साथीदाराला मागे सोडतो, मला तोच खेळ वाटतो. तुम्ही थेट दोन पट्ट्यांवर आणून सोडलंत की कोंबड्यांची झुंज.

उडता गालिचा:
कागदावर पटतं. आमच्याकडे ते 'येताना'चे पहिले दोन डाव चौघंही सरळ, सरळ, सरळ अशी पानं टाकतात आणि मध्येच एक जण फोन बघतो. बोल्केला साडेआठची वेळ नव्हती.

कच्चा लिंबू:
मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. 2004 मध्ये हा खेळ 'विंग्ज ऑफ वॉर' नावाने आला तेव्हा त्यात मॉडेल नव्हतीच ना? विमान म्हणजे एक पत्ता, तोच टेबलावर सरकवायचा. मग मॉडेल कपाटात ठेवून पत्त्यांवर खेळलं तर मांडायला उरतंच काय?

खुंटीवाला:
लिंबूराव, ती मॉडेल जमवायला मी किती पगार घातलेत ते घरी माहीत नाही. कपाटात कसली ठेवताय!

तळेगावची काकू:
मी आणि माझा भाचा खेळतो, उंचीसकट. आम्हाला मांडायला दहा मिनिटं पुरतात. मुळात तुमचं दुखणं मांडण्यात नाही, आवरण्यात आहे. खेळ संपला की तुम्ही सगळी पानं एका डब्यात कोंबता आणि पुढच्या शनिवारी अर्धा तास निवडत बसता. पत्त्यावर कॅटचं अक्षर छापलेलं असतं ते कशासाठी? मी प्रत्येक विमानाला एक पिशवी शिवली आहे (ब्लाउजपीसची, हसू नका). आत त्याचा कॅट, त्याचं कार्ड, चार खुंट्या आणि चढाईच्या चकत्या. खेळणाऱ्याने पिशवी उचलायची आणि जाताना मोजून परत द्यायची. ज्याची खुंटी कमी, त्याने पुढच्या वेळी वडे आणायचे. याला घरचा नियम म्हणतात. तुम्ही केलंय ते खेळ कापणं.

आणि नुकसानीचा एकच कॅट हा तर चक्क रडीचा डाव. दोन तोफांच्या (म्हणजे मशीनगनच्या) विमानाला वेगळा कॅट आणि एका तोफेच्या विमानाला वेगळा, हे उगीच नाही केलेलं. न्यूपोर सतरावर एकच मशीनगन. तिला कॅमलएवढा मार करू दिला तर कॅमल घेईल कोण?

उडता गालिचा:
पिशव्यांचं मान्य, तिथे माझी बोलती बंद. कॅटचं मात्र तुम्हीच उत्तर दिलंत: न्यूपोर टेबलावर आणायचंच नाही. कॅमल, स्पॅड तेरा, एस.ई. 5ए, अल्बाट्रॉस, ट्रायप्लेन, सगळी दोन तोफांची. एवढीच ठेवली तर एकच कॅट पुरतो आणि कोणावर अन्यायही नाही.

सरळ पट्टी:
हे चालेल. शिवाय चिठ्ठी टाकण्याऐवजी एक प्रसंग कायमचा ठरवा. इंद्रलाल रॉय, ब्रिटिश हवाई दलाच्या 40 स्क्वाड्रनमधला भारतीय वैमानिक. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांत दहा विमानं पाडल्याची नोंद त्याच्या नावावर लागली आणि 22 जुलैला फोकर डी सातशी लढताना तो गेला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. एकीकडे एस.ई. 5ए, दुसरीकडे डी सात, दोन्हीकडे दोन तोफा. दोन विरुद्ध दोन मांडा, भांडण मिटलं. (मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकरही त्याच उन्हाळ्यात डॉल्फिन विमान उडवताना पाडला गेला आणि जखमांनी वारला. त्याचं नाव आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे.)

खुंटीवाला:
आता सापडलात! डी सातची ख्याती कशासाठी होती? उंचावरही हाताला नरम पडत नसे, आणि नाक वर करून जणू प्रोपेलरवर लटकत खालून गोळ्या घालता यायच्या. उंची बाद ठेवून डी सात खेळवणार म्हणजे पुरणाशिवाय पोळी.

कच्चा लिंबू:
मग सगळ्यांनी एकाच उंचीवर, प्रत्येकी दोन खुंट्यांवर सुरुवात केली तर? मोजायला सोपं, आणि पुढे चढा-उतरायला मोकळे.

तळेगावची काकू:
या मुलाला कच्चा लिंबू कोणी म्हटलं?

उडता गालिचा:
ठीक. या शनिवारी: पिशव्या, दोन खुंट्या, रॉयचा प्रसंग, आणि कडेपासूनच सुरुवात. पण फोन बाहेर शू-रॅकवर. आईला नऊ वाजेपर्यंत मुदत मागून पाहिली. पावणेनऊ मिळाली आहे, बदल्यात कोथिंबीर निवडून द्यायची.