पाटीवर ‘कॅक्टस’ लिहिले असले तरी

आपण वर्णन केलेले रोप, म्हणजे तीन धारांचे उभे खोड, धारांवर चमच्याच्या आकाराची छोटी पाने आणि कुंडीवर नुसती ‘कॅक्टस’ अशी चिठ्ठी, हे बहुधा युफोर्बिया ट्रायगोना असावे. मराठीत कॅक्टस आणि युफोर्बिया या दोन्हींना निवडुंगच म्हणतात, तेव्हा घोटाळा स्वाभाविक आहे. पण फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिका खंडातला खरा कॅक्टस, तर युफोर्बिया एरंडाच्या कुळातला.

खात्रीसाठी भिंगातून काट्याचा बुडखा पाहावा. कॅक्टसचे काटे लव असलेल्या, इवल्या गादीसारख्या ठिपक्यातून निघतात आणि फूलही बहुधा तिथूनच फुटते. अशी गादी कुठेच नसेल आणि काटे जोडीजोडीने असतील, तर युफोर्बियाची शक्यता अधिक. पांढऱ्या चिकावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण मॅमिलारिया या खऱ्या कॅक्टसच्या काही जातींतही तो असतो. शिवाय युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून मुद्दाम ओरखडा काढून पाहू नये.

फुलावरून ओळखायचे असेल, तर आधी ते फूल खरे आहे ना, हे तपासावे. माझ्या एका रोपाचे पिवळे फूल तीन महिने कोमेजेना, तेव्हा चिमटीत धरून हलवले, तर खाली वाळलेल्या डिंकाचा थेंब निघाला. ते रोप अजून अनोळखीच आहे.