सहा सासवा चालल्या, लांबलेलं गरोदरपण नाही चाललं : मालिका खऱ्या का वाटतात?

रानजाई

2013 ते 2016 या काळात झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' चालायची. त्यातल्या नायिकेला, जान्हवीला, एकाच घरात सहा सासवा होत्या. त्यावर कुणी फारशी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. पण जान्हवीचं गरोदरपण लांबत गेलं तेव्हा मात्र सगळे महिने मोजायला लागले. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा विषय नव्हता.

मला यात मालिकांबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसते. घर कितीही मोठं असो, बाई झोपतानाही पैठणीत असो, दार उघडायला आणि नेमकं गुपित कानावर पडायला एकच गाठ पडो, आपण सगळं चालवून घेतो. काळ चुकला की मात्र चालवून घेत नाही. कारण मालिका खरी वाटते ती आपल्या कॅलेंडरबरोबर चालते म्हणून. आपल्याकडे गौरी बसतात त्या आठवड्यात त्यांच्याकडेही बसतात. आपली संक्रांत, त्यांची संक्रांत.

'आई कुठे काय करते' घ्या. डिसेंबर 2019 ते नोव्हेंबर 2024, जवळपास पाच वर्षं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अरुंधतीला नवऱ्याचं प्रकरण कळतं. सिनेमात ती पुढच्या सीनला बॅग भरून निघाली असती. इथे ती राहते, स्वयंपाक करते, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते, पुन्हा भांडते, पुन्हा राहते. लोक म्हणाले, 'पाणी घालतायत.' मला वाटतं पंचवीस वर्षांचा संसार मोडायचा निर्णय कुठल्याच बाईचा एका संध्याकाळी होत नाही, आणि ते रेंगाळणं दाखवायला रोजच्या मालिकेइतकी जागा दुसऱ्या कुठल्या प्रकारात नाही. माझ्या ओळखीतल्या दोन बायका ही मालिका बघता बघता वकिलाकडे जाऊन आल्या. त्यांना ते घर खरं वाटलं नव्हतं, ते घुटमळणं खरं वाटलं होतं.

पंचगंगाकाठ

रानजाईताई, कॅलेंडर म्हणताय ते कुणाचं कॅलेंडर? त्यात सण सोडून दुसरं काय आहे?

आमच्या करवीर तालुक्यातल्या वसगड्यात 'तुझ्यात जीव रंगला'चं शूटिंग झालं. वाडा खरा, तालीम खरी, शिवार खरं. मालिकेतल्या नायकाचं, राणादाचं, 'चालतंय की' पुण्या-मुंबईच्या पोरांच्या तोंडी बसलं. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण राणा शेतकरी, आणि त्याच्या घरातल्या कटकारस्थानांना जेवढे भाग मिळाले, त्याच्या दहाव्या हिश्श्यानं तरी शेतीला मिळाले का? आमच्याकडं दिवाळीच्या आगंमागं साखर कारखाना सुरू होतो. उसाला तोड कधी येणार म्हणून चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागं फिरायचं, तोडणी टोळीच्या मुकादमाला सांभाळायचं, पहिली उचल, म्हणजे ऊसबिलाचा पहिला हप्ता, किती मिळणार याच्यावर सोसायटीचं कर्ज फिटणार का नाही ते ठरतं. शेतीची लाईट रात्रीची असली की थंडीत रात्री दोन वाजता मोटर चालू करायला जायचं. घरातली निम्मी भांडणं याच्यावरनं होतात. मालिकेतली सासू-सून भांडते ती दागिन्यावरनं, नाहीतर कोण कुणाच्या पाठीमागं काय बोललं त्याच्यावरनं.

भावना खऱ्या म्हणता, तर पैशाची काळजी ही भावना नाही काय? माझ्या आईनं आयुष्यात सगळ्यात जास्त तीच केली.

आंबोळी_सांदण

माझा अनुभव थोडा वेगळा. 'रात्रीस खेळ चाले' 2016 ला आलं, सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालं. भुताखेतांमुळे कोकणाची बदनामी होते म्हणून आमच्याकडे नाराजी होती, ती मलाही पटत होती. पण त्यातल्या विसराळू पांडूचं 'इसारलंय' ऐकलं की घरात सगळे हसायचे, कारण असा एक माणूस प्रत्येक वाडीत आहे. लांबलांबचे लोक गाड्या करून तो वाडा बघायला यायचे. मालिकेतले अण्णा नाईक तिथे राहत नाहीत हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

दुपारची_शिफ्ट

मी काही वर्षं एका मालिकेच्या दिग्दर्शन विभागात होतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

कॅलेंडरचा मुद्दा बरोबर आहे, पण ते जुळवलेलं असतं. भागांची बँक असते, म्हणजे शूट होऊन तयार असलेले भाग. बँक चांगली असेल तर गणपती आधीच शूट होतो. नसेल तर सकाळी संवाद हातात येतात आणि दुसऱ्या दिवशी ते प्रक्षेपणाला जातं. अशा घाईत खरेपणा कुठून आणायचा? आम्ही तो हातांतून आणायचो. नुसतं उभं राहून बोलणारी नटी खोटी दिसते, म्हणून तिला काम द्यायचं. मेथी निवडायला द्यायची, कपड्यांच्या घड्या घालायला द्यायच्या. मग सहाय्यकाचं काम असं की मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन लांबून घेतात त्यात, ताटात मेथी जेवढी होती तेवढीच जवळून घेतलेल्या क्लोजला हवी, 'नाही आई' म्हणताना काडी डाव्या हातात होती तर डाव्याच हातात हवी. ते चुकलं की घरबसल्या बायकांच्या लगेच लक्षात येतं, आणि चॅनेलकडे तसं कळवलंही जातं. उलट वाईट बातमी ऐकताना एका ज्येष्ठ अभिनेत्रीने निवडणं न थांबवता फक्त हाताचा वेग कमी केला होता. संवाद साधाच होता. सेटवर कुणी बोलेना.

पंचगंगाकाठ, तुमचं म्हणणं आम्हीही बैठकीत मांडायचो. नोकरी, कर्ज, प्रवास यासाठी बाहेर शूट करावं लागतं आणि त्यात दिवस जातो. दिवाणखाना, स्वयंपाकघर, बेडरूम हे सेट उभे असतात. म्हणून गोष्टही तिथेच घडते. लेखकाला शेती कळत नाही असं नसतं.

लीड्सहून_वसुधा

खर्चाचं कारण मला पूर्ण पटत नाही. मी इथे इंग्लंडमध्ये बरीच वर्षं राहते. 'कोरोनेशन स्ट्रीट' 9 डिसेंबर 1960 ला सुरू झाली, अजून चालू आहे, आणि पहिल्या भागातला केन बार्लो अजून तोच नट करतो. एक गल्ली, एक पब, कोपऱ्यावरचं दुकान. 'ईस्टएंडर्स'चा चौक लंडनमधला दाखवतात, पण तोही बाहेर बांधलेला सेटच आहे, आणि त्यावर बाजारातले गाळे, कॅफे, कपडे धुण्याचं दुकान आहे. म्हणजे बांधतानाच माणसांच्या कामाच्या जागा बांधल्या. आपण बांधतो जिना आणि झुंबर. हा निवडीचा प्रश्न आहे.

त्यांच्याकडेही अतिरंजित असतंच. खून होतात, आगी लागतात, 'कोरोनेशन स्ट्रीट'च्या पन्नाशीला तर गल्लीवर ट्राम कोसळवली होती. पण 1991 मध्ये 'ईस्टएंडर्स'मधल्या मार्क फाउलरला एचआयव्हीची लागण झाल्याचं दाखवलं आणि ते पात्र पुढे अनेक वर्षं त्या आजारासकट जगताना दाखवलं. बातम्यांतून जे भीतीचं वाटत होतं ते लोकांच्या ओळखीच्या माणसाला झालं. रानजाई म्हणते तो काळ इथे कामी आला.

रानजाई

वसुधा, हे पटलं. पंचगंगाकाठ, पैशाची काळजी ही भावनाच आहे आणि ती गाळली जाते, हेही मान्य. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. तुम्ही म्हणता ते सगळं दाखवलं आणि दर दोन महिन्यांनी कथा उडी मारत गेली, तर ते माहितीपट म्हणून खरं असेल, मालिका म्हणून नाही. राधिका आठवते? 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली. बाई नागपुरी बोलायची, मसाले करायची, व्यवसाय काढायची. काम होतं, पैसा होता, बोली होती. तरी तिची कंपनी बघता बघता तीनशे कोटींची झाली तेव्हा लोकांनी विश्वास टाकला, कारण मधली वर्षं दिसलीच नाहीत.

पंचगंगाकाठ

मग आपण एकाच जागी आलो की, ताई. मधली वर्षं म्हणजेच काम. मसाल्याच्या धंद्याच्या कर्जाचा पहिला हप्ता थकला, मिरचीचा दर वाढला, दुकानदारानं उधारी बुडवली, हे दाखवलं असतं तर वर्षं आपोआप दिसली असती. आणि दादा, याला बाहेर शूटिंग लागत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पावत्या पसरून नवरा-बायको रात्री हिशेब करत बसलेत, एवढा सीन तुमच्या उभ्या सेटवर होतो. मेथीच्या ऐवजी हातात पावत्या द्या.

दुपारची_शिफ्ट

होतो. असा एक सीन आम्ही शूट केला होता. एडिटमध्ये निम्मा राहिला, पण प्रक्षेपित झाला.