मदत हवी आहे: इटास्काला कॅम्पिंग, साइटवर वीज नाही (अर्जंट)

ईगनकर | १९ जून, रात्री ११:४२
११ ते १३ जुलै इटास्का स्टेट पार्कला चाललोय. जागा मिळाली, पण बिनविजेची. विजेच्या सगळ्या गेल्यात. दिवसातून दहा वेळा बघतोय, काही सुटत नाही. तंबूत रात्रभर वीज हवी असेल तर काय करता येतं? कुणी केलं असेल तर सांगा. उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचंय, नाहीतर सगळं रद्द. "गूगल करा" सांगू नका, तेच करून इथे आलोय.

कट्टेकरी | १९ जून, रात्री ११:५८
कुठलं इटास्का? शिकागोजवळ एक इटास्का आहे. माझा मावसभाऊ राहायचा तिथे.

ईगनकर | २० जून, रात्री १२:०३
मिनेसोटा. मिसिसिपीचा उगम. स्टेट पार्क लिहिलंय की वर.

रानभूल | २० जून, सकाळी ६:५०
मिनेसोटात बुकिंग १२० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. म्हणजे तुमच्या तारखांसाठी १३ मार्चला घड्याळ लावून बसायला हवं होतं. जुलैचा वीकेंड, तोही इटास्का, जूनमध्ये शोधताय? जे मिळालंय त्यात नशीब समजा. कुठलं कॅम्पग्राउंड, बेअर पॉ की पाइन रिज? आणि किती जण?

जुना_ट्रेकर | २० जून, सकाळी ७:१५
मला एक कळत नाही. जंगलात जायचं आणि तिथेही वीज हवी. कशासाठी, मोबाइल चार्जिंग? की मुलांना आयपॅड? आम्ही हरिश्चंद्रगडावर पावसात गुहेत झोपलोय, एक बॅटरी सहा जणांत. तीन दिवस फोन बंद ठेवून बघा, आयुष्य बदलेल.

ईगनकर | २० जून, सकाळी ७:३१
बेअर पॉ. वीज कशाला हवी हा प्रश्नच नाहीये. कशी मिळेल ते विचारलंय.

सुगंधी_सुपारी | २० जून, सकाळी ८:०२
आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये गेलो होतो. दोन बर्नरचा गॅसचा स्टोव्ह न्या. भाजणी घरूनच न्या, थालीपीठ तव्यावर मस्त होतं. पोहे नकोत, कांदा चिरताना डास डोळ्यात जातात. आणि खायचं सगळं, अगदी टूथपेस्टसुद्धा, रात्री गाडीत काच बंद करून ठेवा. काळी अस्वलं आहेत तिथे. आमच्या शेजारच्या साइटवर शीतपेटी बाहेर राहिली होती, सकाळी तिचं झाकण झाडीत सापडलं.

दोडामार्ग | २० जून, सकाळी ८:२०
सोपं आहे. टॉयलेट ब्लॉकमध्ये प्लग असतात. लांब एक्स्टेन्शन वायर न्या.

रानभूल | २० जून, सकाळी ८:२६
@दोडामार्ग कृपा करून असले सल्ले देऊ नका. रात्री अंधारात रस्त्यावर वायर, त्यात पाऊस.

कट्टेकरी | २० जून, सकाळी ८:४०
आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्या. विषय संपला. वीज, पाणी, बाथरूम सगळं आत. मी तीन वर्षांत तंबू उघडलेला नाही.

रानभूल | २० जून, सकाळी ८:४४
आरव्हीला बिनविजेच्या साइटवर जनरेटर लावावा लागेल. रात्री १० ते सकाळी ८ शांततेची वेळ. मग काय उपयोग?

पुणे३० | २० जून, सकाळी ९:१०
एवढ्या लांब कशाला? पवना लेकला जा. तंबू लावून देतात, बार्बेक्यू, गिटारवाला, सकाळी मिसळ. चार्जिंग पॉइंटसुद्धा असतो.

ईगनकर | २० जून, सकाळी ९:१४
मी मिनेसोटात राहतो.

पुणे३० | २० जून, सकाळी ९:१५
सॉरी. वरचं वाचलं नाही.

ईगनकर | २० जून, दुपारी १२:२०
बरं, लिहितो. बाबांना सीपॅप मशीन लागतं (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देतं ते). रात्री त्याशिवाय झोपत नाहीत, झोपू देणारही नाही. आई-बाबा सांगलीहून आलेत, २२ जुलैला परत जाणार. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर नदीच्या खालच्या अंगाला काम केलं, एवढ्या मोठ्या नदीचा उगम एकदा बघायचाय म्हणतात. हॉटेल सुचवू नका. तळ्याकाठी तंबूत राहायचं हा हट्टही त्यांचाच, माझा नाही.

जुना_ट्रेकर | २० जून, दुपारी १२:४१
अरेरे. हे आधी लिहायचं ना. माझे शब्द मागे. (मोबाइलवालं सोडून.)

रात्रपाळी | २० जून, दुपारी १:०५
मी स्वतः सहा वर्षं सीपॅप वापरते, कॅम्पिंगला दरवर्षी नेते. घाबरू नका, होतं सगळं. पण आधी हे सांगा: मशीनला पाण्याची टाकी, म्हणजे ह्युमिडिफायर, जोडलेला आहे का? नळी गरम होणारी आहे का? प्रेशर किती? मशीनच्या अडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत, १२ की २४?

ईगनकर | २० जून, दुपारी १:५०
टाकी आहे. नळी साधी. अडॅप्टरवर २४. प्रेशर ९ दिसतंय.

दोडामार्ग | २० जून, दुपारी १:५८
मग गाडीच्या बॅटरीवरून घ्या रात्रभर. तिथेही वायर पुरते.

रात्रपाळी | २० जून, दुपारी २:२२
@दोडामार्ग आणि सकाळी गाडी सुरू झाली नाही तर? मी केलंय हे एकदा. टो ट्रकची वाट बघत चार तास बसले होते.

@ईगनकर, वीज खाते ती टाकी. पाणी तापवायला लागते म्हणून. टाकी बंद केली तर बऱ्याच मशीनना साधारण ३० वॅट पुरतात, चालू ठेवली तर दुप्पट-तिप्पट. आठ तासांचे झाले २४० वॅट-तास. ५०० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन घ्या (बॅटरीचा डबा, हँडलवाला). एक रात्र आरामात निघेल, दुसरी मात्र निघेलच असं नाही. दिवसा फिरताना गाडीच्या सॉकेटवर लावून ठेवा, तीन-चार तासांत बरंच भरतं. साधा प्लग लावलात तर इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जाते, म्हणून तुमच्या मशीनला चालणारी २४ व्होल्टची डीसी केबल मिळते ती मागवा. बिनपाण्याची हवा चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. काहींचं नाक कोरडं पडतं. आणि घरी एक अख्खी रात्र चालवून बघितल्याशिवाय जाऊ नका. हे कळकळीने सांगतेय.

रानभूल | २० जून, दुपारी २:३५
उत्तम. माझा प्रश्न मात्र राहिलाच. किती जण आहात?

ईगनकर | २० जून, दुपारी ३:१०
आम्ही चौघे, आई-बाबा. शिवाय फार्गोहून बहीण, भाऊजी आणि त्यांचा मुलगा.

रानभूल | २० जून, दुपारी ३:१४
म्हणजे नऊ. वाटलंच. एका साइटवर सहा माणसं, हा नियम आहे. एकाच घरातले आई-वडील-मुलं असतील तर वेगळं. तुम्ही सहा बसलात, बहिणीचं कुटुंब नाही बसणार. त्यांना दुसरी साइट शोधा, किंवा दिवसा येऊन रात्री परत जाऊ द्या. फार्गो काही फार लांब नाही. आणि प्रत्येक गाडीला वेगळा परमिट.

ईगनकर | २० जून, दुपारी ३:१६
हे कुणी सांगितलं नव्हतं.

रानभूल | २० जून, दुपारी ३:१७
तुम्ही कुणाला विचारलं नव्हतं. घरची लाकडंही नेऊ नका, तेही कुणी सांगणार नाही. ॲश झाडांना लागणारी कीड लाकडातून पसरते. मान्यता असलेलीच चालतात, पार्कातच विकत घ्या.

वाडा_चिरेबंदी_नाही | २० जून, संध्याकाळी ५:३०
तंबूचा हट्ट सुटला तर तिथे डग्लस लॉज आहे, १९०५ चं, पूर्ण ओंडक्यांचं. पार्कच १८९१ चं, मिनेसोटातलं सर्वांत जुनं. कॅम्पर केबिनही आहेत आणि त्यांत वीज असते. रद्द झालेल्या मिळतात कधीकधी, त्याही बघत राहा.

बाबांना मेरी गिब्जची गोष्ट नक्की सांगा, पाटबंधारेवाल्यांना आवडेल. १९०३ साली २४ वर्षांची ही बाई पार्कची हंगामी प्रमुख होती. लाकूड कंपनीने ओंडके वाहून नेण्यासाठी धरण घालून तळ्याचं पाणी चढवलं होतं, काठची पाइनची झाडं बुडत होती. ती दारं उघडायला सांगायला गेली. समोर बंदूकधारी माणसं. तिने तरफेवर हात ठेवला. उगमाजवळच्या केंद्राला तिचंच नाव आहे. आपल्याकडे असती तर तिची बदली झाली असती.

ब्रह्मगिरी | २० जून, संध्याकाळी ६:०५
उगमावर जाताय तर त्र्यंबकेश्वरचं गोदावरीचं पाणी छोट्या बाटलीत न्या, एक थेंब सोडा. आम्ही नर्मदेचं नेलं होतं.

रानभूल | २० जून, संध्याकाळी ६:२०
बाटली न्या, पण बाटली, नारळ, फुलं पाण्यात सोडू नका. लोक तिथे दगडांवरून चालत नदी ओलांडतात, गुडघाभर पाणी असतं. आई-बाबांना काठी द्या, दगड शेवाळलेले असतात.

कट्टेकरी | २० जून, संध्याकाळी ६:३३
उगम उगम काय. खरी नदी तिला मिळणारी मिसूरी. मिसिसिपीपेक्षा लांब भरते. मोंटानाला जा, उगम बघायचा तर.

वाडा_चिरेबंदी_नाही | २० जून, संध्याकाळी ६:५२
मग पाण्याच्या हिशोबाने ओहायो म्हणा! इलिनॉयमधल्या कैरोला मिळते तेव्हा मिसिसिपीपेक्षा जास्त पाणी तिचंच असतं. उगम हा ठरवण्याचा भाग आहे. १८३२ साली ओझाविंडिब नावाच्या ओजिब्वे (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) म्होरक्याने स्कूलक्राफ्ट या अमेरिकन शोधकाला तळं दाखवलं, आणि लॅटिनच्या 'व्हेरिटास कॅपुट' या दोन शब्दांची शेपूट-डोकी छाटून 'इटास्का' नाव तयार झालं. ओजिब्वेंना ते तळं माहीत होतंच, त्यांना लॅटिनची गरज नव्हती. पुढे १८८१ मध्ये ग्लेझियर नावाचा एक जण म्हणाला, खरा उगम वरचं एल्क लेक, आणि त्याला स्वतःचंच नाव देऊन टाकलं. ब्रॉवर नावाच्या सर्वेक्षकाने मोजणी करून इटास्काच ठरवलं, आणि तोच मग पार्कसाठी भांडला.

कट्टेकरी | २० जून, संध्याकाळी ७:००
म्हणजे मीच बरोबर. ठरवण्याचा भाग आहे.

सुगंधी_सुपारी | २० जून, संध्याकाळी ७:१५
भांडा खुशाल, पण गोचीड कुणी सांगितले का? पायजमे मोज्यात खोचा, रोज रात्री एकमेकांचं अंग तपासा, कानामागे, गुडघ्यामागे. त्यांच्या चाव्याने लाइम नावाचा आजार होतो. डासांसाठी डीट किंवा पिकारिडिन. जुलैत डास एवढे की आमच्या सासूबाईंनी उगमावर पदराने तोंड बांधलं होतं.

जुना_ट्रेकर | २० जून, रात्री ८:४०
प्रीचर्स ग्रोव्ह चुकवू नका. दोनशे वर्षांहून जुने लाल पाइन, तळ्याच्या काठावर. आणि रात्री लून पक्ष्याची हाक ऐका. त्यासाठी तरी ते मशीन जरा उशिरा लावा.

रात्रपाळी | २० जून, रात्री ८:५५
@जुना_ट्रेकर नाही. मशीन वेळेवरच लावायचं. लून पहाटेही ओरडतो.

ईगनकर | २३ जून, सकाळी ६:१०
उशीर झाला, माफ करा. एका सहकाऱ्याचं ५०० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन मिळालं, केबल अजून यायचीय, म्हणून साध्या प्लगवर लावलं. डॉक्टरांना फोन केला, दोन रात्री टाकी बंद ठेवली तर चालेल म्हणाले. काल रात्री बाबांना मागच्या अंगणात तंबूत झोपवलं, टाकी बंद. रात्री दीडला टॉर्च घेऊन डब्याचा आकडा बघायला गेलो तर बाबा म्हणाले, झोपू दे मला. सकाळी सहाला ४१ टक्के शिल्लक. म्हणजे दिवसा गाडीत भरलं तर दुसरी रात्रही निघते. रद्द करत नाही.

बहिणीसाठी दुसरी साइट मिळाली नाही. दिवसा येऊन जातील.

रात्रपाळी, तुमचे आभार. रानभूल, तुमचेही, जरी तुम्ही मार्चपासून सुरुवात केली होती.

रानभूल | २३ जून, सकाळी ६:४५
पुढच्या वर्षी मार्चमध्ये आठवण करून देईन.

कट्टेकरी | २३ जून, सकाळी ७:०२
मिसूरीबद्दल बाबांना विचारलं का?

ईगनकर | २३ जून, रात्री १०:३०
विचारलं. धागा अख्खा वाचून दाखवायला लावला. म्हणाले, लांबीने मोजली तर मिसूरी, पाण्याने मोजली तर ओहायो, आणि गोदावरीला प्राणहिता मिळते तिथे जाऊन बघा म्हणावं पाणी कुणाचं जास्त आहे ते. तरी आपण त्र्यंबकलाच जातो ना? मग इटास्कालाच जाऊ. पायजमे मोज्यात खोचायला मात्र नाही म्हणाले.