कॅमेरॉन हायलँड्सचं टी हाऊस : आईला गाडी लागते, बाबांना चहाचा मळा दाखवायचाय, मदत हवी आहे

सातारी_मुलगी

नमस्कार मंडळी, मी क्वालालंपूरला नोकरीला आहे आणि पुढच्या महिन्यात आईबाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे येतायत. ट्विन टॉवर, बटू केव्ह्ज वगैरे सगळं होईलच, पण मला मनापासून न्यायचंय ते कॅमेरॉन हायलँड्सला, म्हणजे इथल्या थंड हवेच्या डोंगराळ भागात. तिथे बोह कंपनीच्या सुंगाई पलास मळ्यातलं टी हाऊस आहे ना, ज्याची गच्ची डोंगराच्या कडेतून पुढे काढलीय आणि खाली नजर जाईल तिथे चहाच, ते.

कारण सांगते. बाबांचं चहाचं दुकान होतं, आयुष्यभर सुटा चहा विकला. ममरी (दाणेदार चहा), पत्ती, भुकटी, गिऱ्हाईकाची आवड बघून मिसळून द्यायचे, मूठभर हातात घेऊन वासावरून सांगायचे माल ताजा आहे की पडून राहिलेला. आणि या माणसाने चहाचं झुडूप अजून बघितलेलं नाहीये. आसामला जायचं कितीदा ठरलं आणि दुकान बंद कसं ठेवायचं म्हणून राहिलं. आता दुकान नाही, तर मला हे करायचंच आहे.

अडचण आईची. तिला घाटात गाडी लागते, केळघर घाटातसुद्धा डोळे मिटून बसते बिचारी, शिवाय गुडघे दुखतात त्यामुळे फार पायऱ्या नकोत. मी इथे गाडी चालवत नाही. शनिवार रविवारला जोडून सोमवारी रजा टाकायचा विचार आहे, म्हणजे शनिवारी वर जायचं, रविवारी आराम आणि सोमवारी गर्दी नसताना टी हाऊस. बसने जावं की टॅक्सीने? रस्ता कितपत वळणाचा आहे? आणि तिथे कारखाना आतून बघता येतो का? जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

डोंगरवाट

अगं सर्वात आधी तो सोमवार बदल! सुंगाई पलास सोमवारी बंद असतं, सार्वजनिक सुट्टी किंवा शाळांच्या सुट्ट्या असतील तेव्हाच सोमवारी उघडतात. आणि शनिवार-रविवार तर नकोच नको. क्वालालंपूर, इपोह, पार सिंगापूरहून लोक गाड्या घेऊन येतात, वरच्या ब्रिंचांग गावाच्या पुढे केआ फार्मच्या बाजाराजवळ गाड्या तासन्तास हलत नाहीत, आणि मळ्यात जाणारा फाटा इतका अरुंद की समोरून गाडी आली की एकाला थांबावंच लागतं. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी वळणापेक्षा हे थांबत थांबत जाणं जास्त वाईट. रजा मंगळवार ते गुरुवार अशी मधली घे, आणि मलेशियाच्या शाळांच्या सुट्ट्या बघूनच तारीख पक्की कर.

पेनांगकर

वर जायला दोन मुख्य रस्ते आहेत. तापाहवरून जाणारा जुना रस्ता, साधारण ६० किलोमीटर घाट आणि वळणं संपतच नाहीत. वाटेत लाता इस्कंदरचा धबधबा आहे, दिसायला सुंदर, पण काकूंना त्या रस्त्याने नेऊ नका. दुसरा इपोहजवळच्या सिंपांग पुलाईवरून येतो, तो नवा आणि रुंद आहे, वळणं आहेत पण मोठी, गाडी एका लयीत जाते.

मी तुमच्या जागी असतो तर क्वालालंपूर सेंट्रलवरून ईटीएस ट्रेनने इपोहला गेलो असतो, अडीच तासांच्या आतबाहेर लागतात, ट्रेन सपाट मैदानातून जाते त्यामुळे त्रास नाही. इपोहला उतरून जेवायचं, थोडं थांबायचं आणि मग टॅक्सी ठरवून सिंपांग पुलाईमार्गे वर, म्हणजे घाट दीड-दोन तासांचाच उरतो. टॅक्सीवाल्याला आधीच स्पष्ट सांगा की हळू चालव आणि काकूंना पुढच्या सीटवर बसवा. परतीची टॅक्सीही तेव्हाच बोलून ठेवा, वर ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) मिळेलच या भरवशावर राहू नका. आणि मुक्काम ब्रिंचांगला करा, तानाह राता या दुसऱ्या गावात नको, टी हाऊस ब्रिंचांगच्या बाजूला आहे.

आलेपाक

उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी द्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. रिकाम्या पोटी बसवू नका आणि खूप खाऊनही नको. आमच्या आईला आलेपाक चघळत ठेवल्याने बराच फरक पडतो, साताऱ्याहून येताना घेऊन यायला सांगा.

गुडघ्यांचं मात्र आधीच बघून ठेवा. पार्किंग खाली आहे आणि तिथून टी हाऊसपर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत. सावकाश गेलं तर बऱ्याच जणांना जमतं, पण खरंच जास्त दुखत असेल तर हट्ट करू नका. तानाह राताकडून खाली रिंगलेटच्या दिशेने गेलं की मुख्य रस्त्यालाच भारत टी कंपनीचं कॅमेरॉन व्हॅली टी हाऊस लागतं, तिथे टेबलावर बसूनही अख्खी दरी दिसते. ही कंपनी १९३३ साली अग्रवाल नावाच्या भारतीय कुटुंबाने सुरू केलेली, काकांना हे ऐकून बरं वाटेल. मला विचाराल तर आईसाठी हे आणि बाबांसाठी सुंगाई पलास, दोन्ही करा.

डोंगरवाट

कारखान्याचं राहिलंच. सुंगाई पलासला कारखाना बघता येतो, आणि काका दुकानदार म्हणजे त्यांना खरी मजा तिथेच येणार. पानं आधी पसरून सुकवतात, मग मोठ्या यंत्रांत वळतात, मग हवेवर ठेवून रंग चढू देतात, मग भट्टीत वाळवतात आणि शेवटी चाळून आकाराप्रमाणे वेगळी करतात. पत्ती कुठली आणि भुकटी कुठली हे काका त्या चाळण्यांजवळ उभं राहून तुम्हालाच समजावतील बघा. वास तर सगळीकडे भरलेला असतो. साधारण पाच किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो हे माझ्या वडिलांना इतकं पटेना की परत परत विचारत होते.

हा मळा त्याच बोह कंपनीचा, जी जे. ए. रसेल या इंग्रजाने १९२९ साली काढली. तोडणी आता बहुतेक कात्रीने आणि यंत्राने होते, टोपली पाठीवर घेतलेल्या बायका दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. पूर्वी मजूर बहुतांशी तमिळ होते, आता बांगलादेश, नेपाळ, इंडोनेशियाचे लोक जास्त दिसतात. पाऊस दुपारनंतर येतो म्हणून सकाळी उघडताना पोचा, तेव्हा धुकं पण उठत असतं आणि गच्चीवर जागा मिळते.

सातारी_मुलगी

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, सोमवारचं कळलं नसतं तर गेटवरून परत यावं लागलं असतं. रजा आता बुधवार-गुरुवारची मागते. ट्रेनचा मार्गच घेणार, आईला फोनवर सांगितलं तर तिचा आवाजच बदलला, घाट म्हटल्यावर तिने स्वतःहून तुम्ही दोघंच जा म्हणायला सुरुवात केली होती.

अजून दोन गोष्टी. आई पूर्ण शाकाहारी आहे, इपोहला आणि वर जेवणाचं कसं? आणि दोघांनाही टी बॅगचा फिका चहा चालणार नाही, आपल्यासारखा काही मिळतो का? थंडी किती असते?

पेनांगकर

इपोहला स्टेशनापासून जवळच लिटल इंडिया आहे, केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण मिळेल. वर ब्रिंचांग आणि तानाह राताला तमिळ लोकांची हॉटेलं आहेत, इडली डोसा भात सांबार सगळं. मात्र भाजीत सुकी कोळंबी किंवा अंडं नाही ना हे प्रत्येक वेळी विचारा, शाकाहारी म्हणजे काय याची कल्पना वेगवेगळी असते. ब्रिंचांगला मुरुगनचं देऊळही आहे, काकूंना आवडेल.

चहाचं म्हणाल तर हॉटेलात तेह हालिया मागा, आलं घातलेला दुधाचा चहा. कंडेन्स्ड मिल्कमुळे फार गोड असतो, म्हणून कुरांग मानिस म्हणा, म्हणजे साखर कमी. टी हाऊसमध्ये मात्र काकांना एकदा बिनदुधाचाच घ्यायला लावा, चहा ओळखणारा माणूस आहे, त्यांचं मत इथे नक्की लिहा. थंडी महाबळेश्वरइतकी धरा, रात्री १५-१६ पर्यंत उतरतं, स्वेटर आणि छत्री दोन्ही लागतील.