जुनी गाडी, तापल्यावर ऑइलचा दिवा मिणमिणतो. ग्रेड घट्ट करू का?

अर्धाक्लच:
नमस्कार मंडळी. गाडी १९९६ ची, १३०० सीसी पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आली. मीटरवर १,६८,००० किमी आहेत. मधली दीड-दोन वर्षं मीटरची केबलच तुटलेली होती, त्यामुळे खरा आकडा गाडीलाच माहीत.

सकाळी सुरू केली की काही तक्रार नाही. अर्धा-पाऊण तास पळाली, इंजिन चांगलं तापलं आणि सिग्नलला थांबलो, की ऑइलचा दाब उतरल्याचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. जरा रेस दिली की विझतो. मेकॅनिक म्हणतो, "इंजिन म्हातारं झालं, आता २०डब्ल्यू-५० टाका, काम फत्ते." मॅन्युअल काढून बघितलं, तर त्यात तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता आहे आणि आमच्याकडच्या हवेला १०डब्ल्यू-३० आणि १५डब्ल्यू-४० दोन्ही बसतात. सध्या आत १०डब्ल्यू-३० आहे, चार महिन्यांपूर्वी घातलेलं.

एक मात्र बरं आहे, गाडी ऑइल अजिबात पीत नाही. चार महिन्यांत थेंबभर टाकावं लागलं नाही, उलट पातळी वरच्या खुणेच्याही जरा वरच दिसते. तर ५० टाकू, की ४० वर थांबू?

दोननंबरगिअर:
५० टाका आणि विसरून जा. माझ्याही गाडीचा दिवा असाच लागायचा. २०डब्ल्यू-५० घातलं, दिवा गेला, तीन वर्षं झाली. जुन्या गाडीला जाड ऑइल, एवढं काय त्यात.

फीलरगेज:
दोननंबरगिअर, नुसता दिवाच घालवायचा असेल तर त्याची वायर उपटली तरी जातो.

अर्धाक्लच, ग्रेडचं नंतर बोलू. आधी तुमची ती "बरं आहे" वाली ओळ, कारण माझं डोकं तिथेच अडकलंय. एवढं चाललेलं इंजिन चार महिन्यांत थेंबभर ऑइल पीत नाही, आणि वर पातळी चढते? अहो, ऑइलला काही पान्हा फुटत नाही. बाहेरून काहीतरी आत येतंय.

उद्या सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, डिपस्टिक ओढा. ऑइल दोन बोटांत चोळा आणि वास घ्या. पांढुरकं, फेसाळ दिसलं तर पाण्याचा संशय. पेट्रोलचा वास आला तर फ्युएल पंप बघा. त्या काळच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना बहुधा इंजिनाच्या अंगालाच बसवलेला, कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) हलणारा पंप असतो. त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला की पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जात राहतं, म्हणून गाडी चालायला काही कमी-जास्त वाटत नाही, आणि त्यातलंच थोडं थोडं खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल मिसळलं की ३० चं ऑइल ३० चं राहत नाही. मग थंड असताना कसंबसं दाब धरतं आणि तापलं की दिवा लागतो. तुम्ही सांगितलेली लक्षणं अगदी हीच आहेत.

असं असेल आणि त्यावर तुम्ही ५० ओतलं, तर दोन-तीन महिने दिवा गप्प बसेल. पेट्रोल उतरायचं थांबणार नाही. असं एक इंजिन मी खोललंय. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या शेल हातात घेतल्या, तर वरचा करडा थर जाऊन खालचं तांबं लखलखत होतं. मालक शेवटपर्यंत सांगत होता, "पण मी तर जाड ऑइल वापरत होतो."

आता आकड्यांचं. डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नव्हे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा: १०डब्ल्यूची क्रँकिंगची (थंड इंजिन फिरवण्याची) चाचणी उणे २५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. मागचा आकडा १०० अंशांवरचा. ऑइलच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई संस्थेच्या तक्त्यात ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे घट्टपणाचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पुष्कळांचा समज असतो की १०डब्ल्यू-३० थंड असताना पातळ आणि तापल्यावर घट्ट होतं. कुठलंही ऑइल तापलं की पातळच होतं, मल्टिग्रेड, म्हणजे असं दोन आकड्यांचं, त्यातल्या त्यात कमी होतं एवढंच. ४० अंशांवर २०डब्ल्यू-५० साधारण १५० सेंटिस्टोकच्या पुढे असतं, १०० अंशांवर १८-१९ वर येतं. म्हणजे सकाळी किल्ली फिरवता तेव्हा ते तापल्यावरच्यापेक्षा निदान आठ-नऊ पट घट्ट असतं, आणि तेच त्याला वर कॅमपर्यंत चढायचं असतं.

आणि गेजवर दाब जास्त दिसला म्हणजे बेअरिंगला ऑइल जास्त मिळालं असं नव्हे. पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं माप ढकलतो. ऑइल फार घट्ट असेल तर दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादाचं ऑइल पुढे न जाता मागेच वळतं. काटा बघून आपण खूश.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी वास. मग ऑइल स्विचच्या जागी साधं काट्याचं गेज लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला (रेस न देता) आणि ३००० आरपीएमला दाब किती येतो ते लिहून घ्या. दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास चालतो, आणि तो स्वतःच बिघडलेला असू शकतो. ग्रेड त्यानंतर. आणि हो, पेट्रोलचा वास आला तर तेच ऑइल ठेवून गाडी फिरवत बसू नका. बेअरिंगचं तर जाऊ द्या, चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठणं हेच धोक्याचं.

थंडीतलाचोक:
थोडं अवांतर. नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-२० चालतं आणि पातळ ऑइल पटकन पोचतं म्हणता, तर मग जुन्यालाही चांगलं सिंथेटिक ०डब्ल्यू-२० का नको?

फीलरगेज:
कारण ते इंजिन ज्या मापाने घडवलंय त्यात २० बसवलेलं नाही. बेअरिंगमधली फट, पंपाची क्षमता, सगळं त्या वेळच्या ऑइलच्या हिशेबाने. १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये रगडलं जाताना ऑइल किती टिकतं याचीही चाचणी असते. त्यात ३० ला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतात, १५डब्ल्यू-४० ला ३.७, आणि २० ला २.६ वर भागतं. दुसरं म्हणजे कॅम सपाट टॅपेटवर (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या तुकड्यावर) घासत चालत असेल तर ऑइलमधलं झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस महत्त्वाचं. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएन, एसपी दर्जाच्या ३० आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. ४० ला ती वरची मर्यादा नाही. सिंथेटिक जरूर घाला, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं घाला.

दोननंबरगिअर:
फीलरगेज, वायरचा टोमणा पोचला. पण माझी गाडी तीन वर्षं चालली आहे, हेही खोटं नाही ना?

फीलरगेज:
नाही, खोटं कशाला. बेअरिंग झिजल्यामुळे गरम आयडलचा दाब खरंच उतरला असेल आणि तो गेजवर मोजलेला असेल, तर एक पायरी वर चढणं मीही सांगतो. इंजिन बांधायला काढेपर्यंत चार दिवस निघतात. तुम्ही मोजलंत का?

दोननंबरगिअर:
मोजलं नाही. 🙂 रविवारी लावतो गेज.

अर्धाक्लच:
काका, वास आला. नुसता आला नाही, डिपस्टिक नाकापासून वीतभर लांब होती तेव्हाच आला. ऑइल बोटाला चिकटतही नव्हतं, पाण्यासारखं ओघळून मनगटापर्यंत आलं.

त्याच दिवसापासून गाडी उभी ठेवली. मेकॅनिकला जागेवरच बोलावलं, त्याने आधी नाक मुरडलं आणि मग डिपस्टिक नाकाला लावून पुन्हा मुरडलं. पंप उतरवून उलटा धरला तर खालच्या बाजूनेही पेट्रोल ठिबकत होतं, डायफ्रॅमला कडेला नखाएवढी चीर. पंप नवीन बसवायच्या आधी, जुन्याच ऑइलवर, थोडा वेळच गेज लावून बघायची मला हौस होती. मेकॅनिकने नको म्हटलं, ते बरंच झालं. चेंबर रिकामं केलं तेव्हा घातलं होतं त्यापेक्षा जवळजवळ पाऊण लिटर जास्त निघालं.

नवा पंप, नवा फिल्टर, आणि तक्त्यात बसतं म्हणून १५डब्ल्यू-४०. तासभर फिरवून गेज लावलं: गरम आयडलला १.१ बार, ३००० ला ३.४. दिवा लागत नाही. स्विच जुनाच आहे, तो बिचारा खरंच सांगत होता.

एक शंका राहिली. आता सकाळी सुरू केल्यावर आठ-दहा सेकंद वरून टिकटिक येते, मग जाते. आधी ऐकू यायची नाही, की मीच आता कान देऊन ऐकतोय कळत नाही. हे ४० मुळे का?

फीलरगेज:
१.१ आणि ३.४ ला त्या इंजिनाचं काहीही म्हणणं नाही. टिकटिकीसाठी ग्रेड बदलू नका. टॅपेटची फट शेवटची कधी मोजली होती?

अर्धाक्लच:
बाबांना विचारून सांगतो.