मदत हवी आहे: अणुकरारावर भारताची सही आहे की नाही? उद्यापर्यंत उत्तर हवंय

विश्रामबाग_अभ्यासू:
एमपीएससीच्या कंबाईन परीक्षेसाठी सांगलीत टेस्ट सिरीज लावलीय. रविवारच्या पेपरात अणुकराराचा प्रश्न होता, भारताने सही केली की नाही असा. माझं उत्तर चूक धरलंय. उत्तरतालिकेवर हरकत द्यायची मुदत उद्या सकाळी ११ पर्यंत. पुरावा द्या. गूगल कर म्हणू नका, करून डोकं उठलंय.

वारणाकाठ:
कुठला करार?

खडू_फळा:
भारताची सही नाही. अण्वस्त्र प्रसारबंदी करार १९६८ चा. त्यात १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला तेवढेच पाच देश अण्वस्त्रधारी. चीनने १९६४ ला उरकून घेतला, आपला पोखरणचा १९७४ चा. आता सही करायची तर बॉम्ब मोडून करायची. कोण करेल? विषय संपला.

बिनसाखर_चहा:
गुरुजी, विषय सुरूच झाला नाही अजून. सीटीबीटी, म्हणजे सगळ्याच अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या कराराबद्दल विचारत असेल तो. तो १९९६ पासून लटकलाय. ठरलेल्या ४४ देशांनी मान्यता दिल्याशिवाय लागू होत नाही. अमेरिकेची सही आहे, मान्यता नाही. रशियाने तर दिलेली मान्यता २०२३ ला काढून घेतली. आपली मुळात सहीच नाही.

विश्रामबाग_अभ्यासू:
अहो चाचणीबंदीचाच की. दुसरा कुठला असणार?

बिनसाखर_चहा:
मग तू काय लिहिलंस?

विश्रामबाग_अभ्यासू:
सही केलीय.

खडू_फळा:
अवघड आहे. हल्ली पोरं पाठ्यपुस्तक उघडतच नाहीत. आधी शालेय पुस्तकं दोनदा वाच, मग टेस्ट सिरीजला पैसे घाल.

पाटणकर_पाव्हणा:
सही करा नायतर करू नका, चाचणी लपत नसते. आमच्या कोयनेचा १९६७ चा भूकंप घ्या. भूकंपात जमीन एका अंगाला ढकलली जाते, दुसऱ्या अंगाला ओढली जाते. स्फोटात पहिला धक्का चारी बाजूंना बाहेरच. भूकंपमापकावर फरक दिसतो. सीटीबीटीवाल्यांनी जगभर अशी केंद्रं मांडलीत.

वारणाकाठ:
पाव्हणं, चांगलं सांगितलंत, पण ते विचारलंय कुणी?

मिरज_जंक्शन:
मे १९९८ आठवतो. ११ तारखेला तीन, १३ ला दोन चाचण्या. वडिलांनी दुकानात पेढे वाटले होते. मग अमेरिकेने निर्बंध लादले.

बिनसाखर_चहा:
पेढे वाटले म्हणजे सही नव्हती. सिद्ध झालं.

वारणाकाठ:
काहीही. अभ्यासू, प्रश्न जसाच्या तसा टाइप कर. एकही शब्द गाळू नको.

विश्रामबाग_अभ्यासू:
‘१९६३ च्या अंशतः अणुचाचणी बंदी करारावर भारताने सही केलेली नाही. बरोबर की चूक?’ मी चूक लिहिलं, तालिकेत बरोबर आहे.

वारणाकाठ:
अरे लेका, १९६३ आधी सांगायचं ना! तुझंच उत्तर बरोबर आहे. तो मॉस्कोत झालेला करार, भारत सुरुवातीच्याच सह्या करणाऱ्यांत होता. नेहरू १९५४ पासून चाचण्या थांबवा म्हणत होते. हवेत, अवकाशात, पाण्याखाली स्फोट बंद, जमिनीखाली मोकळीक. पोखरणचे सगळे स्फोट जमिनीखालचे, म्हणून तो करार मोडला नाही. फ्रान्स आणि चीनने सही केली नव्हती. पेपर काढणाऱ्याने १९९६ चं उत्तर १९६३ ला चिकटवलंय. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण विभागाच्या साइटवर देशवार यादी मिळते. भारताच्या ओळीवर खूण कर आणि प्रिंट जोड.

खडू_फळा:
मी प्रसारबंदीचं बोलत होतो. माझं चूक नव्हतं.

विश्रामबाग_अभ्यासू:
यादी सापडली. धन्यवाद वारणाकाठ. एवढ्या रात्री प्रिंट कुठं मिळेल?

पाटणकर_पाव्हणा:
एसटी स्टँडाजवळ बघ. आणि ते भूकंपाचं नीट वाच, भूगोलाला येतं.

मिरज_जंक्शन:
टेस्ट सिरीजची फी किती आहे हो? पुतण्याला लावायचीय.