स्वस्त पुस्तकांनी तुमच्या घरात काय केलं? नाशिककरांनो, अनुभव लिहा

१९३५ मध्ये इंग्लंडात अ‍ॅलन लेनने पेंग्विनची कागदी कव्हरवाली पुस्तकं सहा पेन्सला काढली, तेव्हा सिगरेटचं पाकीटही तेवढ्यालाच मिळायचं. वूलवर्थसारख्या सटरफटर माल विकणाऱ्या दुकानांत ती खपली. पुढे दिल्लीच्या हिंद पॉकेट बुक्सने हिंदीत रुपयाला पुस्तक आणलं. पण हे नेटवर सापडतं हो, मला घरातलं हवंय. पहिलं स्वस्त पुस्तक कोणी आणलं, कोण वाचायचं, कोण ओरडायचं?

*

नाशिकरोड. वडील प्रेसमध्ये, म्हणजे नोटांच्या. दिवसभर नोटांच्या गराड्यात आणि पुस्तकावर रुपया घालवायचा तर आईला विचारून :) लायब्ररीचं कार्ड त्यांच्या नावावर, त्यामुळे घरात पुस्तक यायचं ते त्यांच्या पसंतीचं, आणि आईला त्यातलं अर्धं आवडायचं नाही. मग तिने रद्दीवाल्याशी संधान बांधलं. तो बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा बाजूला काढून ठेवायचा, त्यांनी हजारावर लिहिल्यात म्हणजे तोटा नाहीच, आणि आईच्या वाचून झाल्या की त्यालाच परत. वडिलांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. माझ्या मते खरा बदल हाच, काय वाचायचं ते बाई स्वतः ठरवायला लागली.

*

पंचवटी एक्सप्रेसने अपडाऊन केलंय त्यांना कळेल. एका हाताने वरचा दांडा धरायचा, दुसऱ्या हातात पुस्तक, तिथे जाडजूड बांधणीचा ग्रंथ काय कामाचा. स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरून एकाने घ्यायचं आणि मग ते अख्ख्या ग्रुपचं. कोणाचं कोणाकडे राहिलं याचा हिशोब कोणी ठेवला नाही, पाचशेचं असतं तर ठेवला असता!

*

आम्ही येवल्याकडचे. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात, त्यामुळे दर वर्षी त्या दिवशी मुक्तिभूमीवर गर्दी असते आणि चादरी अंथरून पुस्तकं मांडलेली असतात. पातळ, पिनांची, जेमतेम चहाच्या किमतीची. आजोबा मजुरी करायचे, सही जेमतेम यायची, पण तिथून पुस्तिका घेतल्याशिवाय परत यायचे नाहीत आणि रात्री मला मोठ्याने वाचायला लावायचे, अडखळलो तर म्हणायचे परत वाच. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह मला शाळेच्या आधी त्या पुस्तिकेतून कळला. हे साहित्य दुकानाच्या काचेमागे महाग बसलं असतं तर आमच्या वस्तीत आलंच नसतं. वर सिगरेटच्या पाकिटाचं लिहिलंय ना, आमच्याकडे बिडीचं बंडल म्हणा.

*

थोडा विरोध करतो. नाशकात वाचन वाढवलं ते सावानाने, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकने, १८४० पासून आहे ते, पेपरबॅक कुठे होतं तेव्हा? आणि ही स्वस्त पुस्तकं वाचनालयात आली की आधी त्यांना पुठ्ठा घालावा लागायचा, नाहीतर चार वाचकांत पानं सुटी. बाइंडर असा शिवायचा की आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत गायब, पुस्तक उलगडून डोळे आत घालून वाचायचं.

*

काका, सावानाबद्दल मान्यच, पण वर्गणी, डिपॉझिट आणि संध्याकाळी घराबाहेर पडायची मुभा, हे तिन्ही असलं तर ना? मी लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीए केलं, १९८९ ला ते इथे नाशकातच निघालं. फीमध्येच पुस्तकं मिळायची, कागदी कव्हरची, स्वतः वाचून समजावं अशी लिहिलेली. कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचलीयेत, पानांवर हळदीचे डाग आहेत. पुस्तक आपलं होतं, डाग पडला तर कोणाला दंड भरायचा नव्हता.

*

ताई, एक नंबर. पण आता पेपरबॅकच तीनशे-चारशेला झालंय, मुलीला दोन पुस्तकं घेतली की पाकीट रिकामं. शालिमारच्या बाजूला जुनी पुस्तकं अजून मिळतात का कुठे? माहीत असेल तर खाली टाका.